दत्तक घेताना: सातिवलीच्या उंबरठ्यापासून पहिली पावले

ज्या मुलाचे जन्मदात्यांशी असलेले नाते कायद्याने कायमचे संपले आहे, त्याला दुसऱ्या घरात पोटच्या मुलाचे स्थान देणे म्हणजे दत्तक. नाव, वारसा, नातीगोती आणि जबाबदाऱ्या सगळे नव्या घराचे होते. हा निर्णय पुढे मनात आले म्हणून मोडता येत नाही. त्यामुळे भारतात दत्तकाची वाट कायद्याने पायरीपायरीने आखून दिली आहे आणि सुरुवातीच्या पायऱ्या नीट चढल्या तर पुढची बरीच दमछाक वाचते.

वसई पूर्वेला गोखिवरे आणि वालीवच्या शेजारी असलेले सातिवली हे लहान कारखान्यांच्या गाळ्यांचे, चाळींचे आणि नव्या इमारतींचे गाव. मूळ गावकऱ्यांबरोबर कोकण, घाट, खानदेश आणि परप्रांतांतून कामासाठी आलेली कुटुंबे इथे राहतात. गाव वसई-विरार महानगरपालिकेत आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडते. दत्तकाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती आणि जिल्हाधिकारी या तिन्ही यंत्रणा जिल्ह्याच्या असतात. सातिवलीतल्या जोडप्याचा पहिला अर्ज मोबाइलवरून जाऊ शकतो, पण प्रत्यक्ष विचारपूस करायची तर वसई रोड स्थानकावरून डहाणूकडे जाणारी गाडी पकडून पालघरलाच उतरावे लागते.

वारसासाठी मूल, मुलासाठी घर

मराठी माणसाला दत्तक हा शब्द नवा नाही. पण जुन्या काळी दत्तक घेतला जाई तो वारस म्हणून. गादी, वतन, श्राद्धकर्म चालवायला मुलगा हवा आणि तो शक्यतो भाऊबंदांतला हवा, ही त्यामागची दृष्टी होती. झाशीच्या गंगाधररावांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळरावांना दत्तक घेतले, ते पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज झाले. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. या सगळ्या दत्तकांत निवड मोठ्या माणसांच्या गरजेने झाली होती.

त्याच काळात पुण्यात एक वेगळी वाट निघाली. फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे आणि नवजात बाळांचे प्राण वाचावेत म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले. १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी यशवंतलाच वारस नेमले. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता स्वतः आजारी पडून गेल्या. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या बाळांसाठी बालकाश्रम उभा राहिला. पुढच्या शतकात पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारात सोफोश या संस्थेचे ‘श्रीवत्स’, १९७९ मध्ये भारतीय समाज सेवा केंद्र, मुंबईत बाल आशा ट्रस्ट अशा संस्थांनी हे काम पुढे नेले.

आजचा कायदा फुल्यांच्या वाटेने जातो. ज्यांना मूल हवे आहे त्यांच्यासाठी मूल शोधणे हे यंत्रणेचे काम नाही, ज्या मुलाला घर नाही त्याच्यासाठी घर शोधणे हे तिचे काम आहे. अर्ज, चौकशी, गृहभेट, प्रतीक्षा यांतल्या अनेक गोष्टी इच्छुक पालकांना जाचक वाटतात. मुलाच्या बाजूने पाहिले की त्यांचे कारण कळते.

कोणता कायदा कोणासाठी

भारतात दत्तकाचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा, १९५६. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतो. नात्यातले किंवा ओळखीतले मूल, जन्मदात्यांनी स्वतः देऊन आणि दत्तक पालकांनी स्वीकारून, या कायद्याखाली दत्तक जाते. मूल साधारणपणे पंधरा वर्षांखालचे असावे लागते. घरात आधीच मुलगा असेल तर मुलगा आणि मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. दत्तहोम केला नाही म्हणून दत्तक अवैध ठरत नाही, पण देणे-घेणे प्रत्यक्ष व्हावे लागते आणि दत्तकपत्राची नोंदणी केलेली असेल तर पुढे वाद कमी होतात. मूल देण्याघेण्याच्या बदल्यात पैसे देणे-घेणे याही कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा रस्ता बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चा. अनाथ, सोडून दिलेली किंवा जन्मदात्यांनी बाल कल्याण समितीसमोर सुपूर्द केलेली मुले याच कायद्याखाली दत्तक जातात. तो सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे, आणि वसईच्या संदर्भात हे आवर्जून सांगायला हवे. वसईत ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, मुस्लिम वस्तीही जुनी आहे. या समाजांतल्या जोडप्यांना पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार होता. त्या कायद्याने पालकत्व मिळे, पण मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते नाते संपे. आई-बाप म्हणून नाव लागत नसे आणि वारसाहक्कही आपोआप येत नसे. २००० चा बाल न्याय कायदा आणि २००६ ची त्यातली दुरुस्ती यांनी हे बदलले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले की कोणत्याही धर्माची व्यक्ती या कायद्याखाली मूल दत्तक घेऊ शकते.

आधी एक मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येईल का, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेणाऱ्या हिंदू दांपत्याला १९५६ च्या कायद्यातली ती आडकाठी लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. घरात मूल असूनही दुसरे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांची अडचण त्यामुळे दूर झाली.

या दुसऱ्या रस्त्याची देशभरची व्यवस्था केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण पाहते. सगळे त्याला ‘कारा’ म्हणतात. सध्या लागू असलेली दत्तक नियमावली सप्टेंबर २०२२ ची आहे. पुढची माहिती याच रस्त्याची आहे.

पात्रता: वयाचे गणित

दत्तक पालक शरीराने आणि मनाने सक्षम, आर्थिकदृष्ट्या स्थिर आणि मुलाच्या जिवाला धोका ठरेल अशा आजारापासून मुक्त असावेत, ही मूळ अट आहे. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि दोघांचीही संमती हवी. एकट्या व्यक्तीलाही दत्तक घेता येते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दोन्ही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. मूल आणि पालकांपैकी प्रत्येकाच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर लागते. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत त्यांना विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना सहज घर मिळत नाही अशाच मुलांसाठी अर्ज करता येतो. नात्यातले मूल किंवा सावत्र मूल दत्तक घेताना यांतल्या काही अटी शिथिल होतात.

वयाची अट जोडप्याच्या एकत्रित वयावर ठरते:

– दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याचे वय मिळून ८५ पर्यंत, एकट्या व्यक्तीचे ४० पर्यंत.
– दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि ४५.
– चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० आणि ५०.
– आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी ११० आणि ५५.

पती ४४ आणि पत्नी ४० वर्षांची असेल तर बेरीज ८४, म्हणजे तान्ह्या बाळासाठी अर्ज करता येईल. पती ४७ आणि पत्नी ४२ असेल तर बेरीज ८९, म्हणजे दोन वर्षांवरच्या मुलाचा विचार करावा लागेल. उपचारांत दहा-बारा वर्षे गेलेल्या अनेक जोडप्यांना या बेरजेची जाणीव उशिरा होते. वंध्यत्वाचे उपचार चालू असतानाच हे गणित एकदा मांडून पाहिलेले बरे.

उत्पन्नाचा ठरावीक आकडा किंवा स्वतःच्या मालकीचे घर ही अट नाही. भाड्याच्या खोलीत राहणारे, गाळ्यात काम करणारे कुटुंबही अर्ज करू शकते. घरखर्च नियमित भागतो का आणि मुलाचे शिक्षण व आजारपण सांभाळता येईल का, एवढे पाहिले जाते.

घरातली बोलणी

अर्जाआधीची पायरी कोणत्याही पोर्टलवर नाही. ती स्वयंपाकघरात आणि ओटीवर चढायची असते. पती-पत्नीपैकी एकाने ओढून दुसऱ्याला तयार केलेले असेल, तर ते गृहभेटीत लपत नाही आणि मूल घरी आल्यावर तर मुळीच लपत नाही. मूल न झाल्याचे दुःख अजून ताजे असेल तर थोडे थांबावे, असे समुपदेशक सांगतात. न झालेल्या बाळाची जागा भरायला आलेल्या मुलावर अपेक्षांचे ओझे पडते.

सासू-सासरे, दीर-जाऊ, माहेर यांच्याशीही बोलावे लागते. ‘रक्ताचे नाही’, ‘कुणाचे असेल कोण जाणे’, ‘जात कोणती’ हे प्रश्न उघड किंवा आडून येतातच. सातिवलीसारख्या वस्तीत गावाकडचे कुटुंब लांब असते, पण मूल सांभाळायला पुढे आजी किंवा आत्याच येणार असते. तिच्या मनात अढी असेल तर ती वेळीच कळलेली बरी. दोघेही कामावर जात असतील तर मूल आल्यावर घरी कोण राहील, हेही ठरवून ठेवावे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात तीन महिन्यांखालचे बाळ दत्तक घेणाऱ्या आईलाही रजेचा हक्क दिला. आपल्या नोकरीत तो कसा मिळतो, याची चौकशी आधीच करता येते.

मुलाला ते दत्तक असल्याचे सांगायचे की नाही, यावरही घरात आधीच एकमत हवे. दत्तक संस्था आणि समुपदेशक एकमुखाने सांगतात की ही गोष्ट मुलाला लहानपणापासूनच, त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत, गोष्ट सांगावी तशी सांगावी. शेजाऱ्याच्या तोंडून किंवा भांडणात कळली तर मुलाचा विश्वास तुटतो.

नोंदणी आणि कागद

नोंदणी काराच्या पोर्टलवर होते. कुठल्याही संस्थेत जाऊन नाव लिहून ठेवण्याची जुनी पद्धत आता चालत नाही. नोंदणी स्वतः करता येते. जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाची मदत मिळते. नोंदणी झाल्यावर क्रमांक मिळतो आणि तीस दिवसांत कागदपत्रे चढवावी लागतात. जोडप्याचा अलीकडचा फोटो, पॅन कार्ड, जन्माचा पुरावा, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला आणि डॉक्टरांचा वैद्यकीय दाखला हे मुख्य कागद. घटस्फोटित असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार हयात नसल्यास मृत्यूचा दाखला लागतो.

सातिवलीसारख्या भागात अर्ज बहुधा या कागदांवर अडतो. गावी लग्न झालेल्या अनेक जोडप्यांनी विवाहनोंदणी केलेली नसते. आधार कार्डावर गावचा पत्ता आणि राहणे वसईत, असेही असते. पॅन कार्डावरचे आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे निघते, लग्नानंतर बायकोचे नाव एका कागदावर बदललेले आणि दुसऱ्यावर जुनेच राहिलेले असते. रोजंदारी किंवा छोट्या धंद्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा कागद नसतो. नोंदणी केल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच विवाहनोंदणी, आधारवरचा पत्ता, नोंदवलेला भाडेकरार, पगाराच्या पावत्या किंवा आयकर विवरणपत्र हे जमवून ठेवावे.

नोंदणी करताना कोणत्या राज्यातले मूल हवे, वयोगट कोणता, मुलगा-मुलगी यांत पसंती आहे का, आजार किंवा अपंगत्व असलेले मूल स्वीकारण्याची तयारी आहे का, हे विचारले जाते. ही पसंती जितकी ताणून बांधलेली, तितकी रांग लांब. मुलगा किंवा मुलगी कोणीही चालेल असे म्हणणारी जोडपी आता पुष्कळ आहेत आणि भारतात दत्तक जाणाऱ्या मुलांत मुलींची संख्या वर्षानुवर्षे मुलांपेक्षा जास्त आहे. वारसासाठी मुलगा शोधणाऱ्या जुन्या दत्तकाशी ताडून पाहिले तर हा बदल मोठा आहे.

गृहभेट

कागद पूर्ण झाल्यावर समाजसेवक घरी येतो. तो विशेष दत्तक संस्थेचा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने नेमलेला असतो. कागदपत्रे दिल्यापासून साठ दिवसांत गृह अध्ययन अहवाल तयार व्हावा, असा नियम आहे. यासाठी सहा हजार रुपये शुल्क आहे. अहवाल तीन वर्षे चालतो.

या भेटीची पुष्कळांना धास्ती वाटते. भिंतींना रंग काढला जातो, उसना सोफा आणला जातो. समाजसेवकाला त्यात रस नसतो. नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात, राग आला की काय करतात, मूल न होण्याबद्दल मोकळेपणाने बोलता येते का, दत्तकाचा विचार कोणाच्या मनात आधी आला, घरातल्या वडीलधाऱ्यांचे काय मत आहे, मूल आजारी निघाले किंवा अभ्यासात मागे पडले तर काय कराल, असे प्रश्न असतात. दोघांशी वेगवेगळे बोलणेही होते. एका खोलीच्या घरात मुलासाठी स्वतंत्र खोली नसणे ही उणीव धरली जात नाही. पाण्याची, शाळेची, दवाखान्याची सोय आणि घरात नशा किंवा हिंसा नाही ना, हे मात्र पाहिले जाते.

खरे उत्तर देणे हीच इथली तयारी. आधीचे लग्न, एखादा आजार, कर्ज यांतले काही लपवले आणि पुढे उघड झाले तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्ज नाकारला गेल्यास कारणे सांगावी लागतात आणि त्याविरुद्ध काराकडे दाद मागता येते.

प्रतीक्षा एवढी लांब का

अहवाल मान्य झाला की जोडपे रांगेत उभे राहते. ही रांग देशभराची आहे आणि तिचा क्रम नोंदणीच्या ज्येष्ठतेने लागतो. लहान, निरोगी बाळासाठी थांबणाऱ्या जोडप्यांना साधारण तीन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ वाट पाहावी लागते. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुले दत्तक गेली, त्यांतली ४,१५५ देशातल्याच पालकांकडे. नोंदणी करून थांबलेल्या पालकांची संख्या मात्र तीस हजारांवर आहे. दत्तकांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर असतो, तरी रांग इथेही तितकीच लांब आहे.

‘अनाथाश्रमांत एवढी मुले आहेत, मग आम्हाला का मिळत नाहीत?’ हा प्रश्न जिल्हा कार्यालयात रोज विचारला जावा इतका स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की बालगृहात राहणारे प्रत्येक मूल दत्तक देण्यायोग्य नसते. बऱ्याच मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक हयात असतो. गरिबी, आजारपण किंवा तुरुंगवास यांमुळे मूल तिथे ठेवलेले असते. त्या मुलाचे घर तुटलेले नसते.

टाकून दिलेले बाळ सापडले तर ज्याला ते सापडले त्याने चोवीस तासांत पोलीस, १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवावे लागते. समिती मुलाला शिशुगृहात ठेवते, त्याच्या जन्मदात्यांचा शोध घेतला जातो, फोटो आणि वर्णन प्रसिद्ध केले जाते. दोन वर्षांखालच्या बाळाबाबत दोन महिने आणि त्यापेक्षा मोठ्या मुलाबाबत चार महिने शोध घेऊनही कोणी पुढे आले नाही, तरच समितीचे किमान तीन सदस्य त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवतात. आईने स्वतः समितीसमोर मूल सुपूर्द केले तरी तिला फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. हा काळ पालकांना उशीर वाटतो. त्या मुलाच्या आईला तो मन बदलण्याची शेवटची संधी असतो.

मोठ्या मुलांची, भावंडांच्या जोड्यांची आणि विशेष गरजा असलेल्या मुलांची स्थिती याउलट आहे. ती मुक्त असतात, पण त्यांना घर मिळत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला घरी आणायची तयारी असेल तर प्रतीक्षा बरीच कमी होते. मात्र अशा मुलाला स्वतःच्या आठवणी असतात आणि पाच वर्षांवरच्या मुलाची संमतीही विचारली जाते. त्याला घर पसंत पडायलाही वेळ द्यावा लागतो.

मूल दाखवले जाते तेव्हा

नंबर आला की पोर्टलवर मुलाचा फोटो, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल दिसतो. ४८ तासांत ते मूल राखून ठेवायचे की नाही हे कळवावे लागते. अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो. राखून ठेवल्यावर संस्थेत जाऊन मुलाची भेट घ्यायची असते आणि ठरलेल्या मुदतीत होकार किंवा नकार द्यायचा असतो. जास्तीत जास्त तीन मुले, प्रत्येक वेळी एक, अशी दाखवली जातात. तिन्ही नाकारली तर वर्षभर पुन्हा नोंदणी करता येत नाही. रंग, नाक-डोळे पाहून निवड करण्याची मुभा ही व्यवस्था मुद्दाम देत नाही.

होकार दिल्यावर दत्तकाचा अंतिम आदेश होण्यापूर्वीच मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येऊ शकते. संस्थेने घेतलेले शुल्क नियमावलीत ठरवून दिलेले असते आणि त्याची पावती मिळते. त्यावर देणगी मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आडवाटा

रांग लांब असली की मधल्या वाटा दाखवणारे भेटतात. ‘एका दवाखान्यात एक मुलगी बाळंत होणार आहे, तिला मूल नको आहे, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ’, अशी बोलणी होतात. कुठे जन्मनोंदणीतच खऱ्या आईऐवजी दत्तक घेणारीचे नाव घालण्याची तयारी दाखवली जाते. नोटरीने शिक्का मारलेला असा कागद दत्तक ठरत नाही. अनाथ, सोडून दिलेले किंवा सुपूर्द केलेले मूल कायद्याची पद्धत टाळून देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाची विक्री किंवा खरेदी केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड आहे. रुग्णालय किंवा प्रसूतिगृहाचा जबाबदार माणूस त्यात असेल तर तीन ते सात वर्षे. पकडले गेले नाही तरी मूल वाढत असताना ही टांगती तलवार राहते आणि खरी आई परत आली तर मूल तिच्याकडे जाऊ शकते.

ओळखीत एखादी गरोदर मुलगी मूल वाढवू शकत नसेल, तर तिला बाल कल्याण समितीकडे नेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. तिथे तिचे नाव गुप्त ठेवले जाते आणि परिस्थितीने गांजून मूल सोपवले म्हणून तिला गुन्हेगार धरले जात नाही.

आदेश आणि जन्मदाखला

शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, गेला. महाराष्ट्रात या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने प्रलंबित प्रकरणे न्यायालयांतच चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यामुळे आपला अर्ज कोणासमोर जाणार, हे संबंधित संस्थेकडून विचारून घ्यावे. अर्ज संस्थाच दाखल करते आणि त्याची सुनावणी बंद दाराआड होते.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, समाजसेवक घरी येऊन मूल कसे रुळते आहे ते पाहतो. पुढे मूल अठरा वर्षांचे झाले की आपल्या मुळाची माहिती मागण्याचा हक्क त्याला असतो. त्याआधी ती दत्तक पालकांसोबत मागता येते. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची इच्छा दर्शवली असेल तर तीही पाळली जाते.

सगळ्या कागदांत शेवटचा कागद जन्मदाखला. दत्तक आदेश दाखवल्यावर जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय मुलाचा नवा दाखला देते. त्यावर दत्तक आई-वडिलांची नावे आई आणि वडील म्हणूनच असतात, ‘दत्तक’ हा शब्द कुठेही नसतो. शाळेत नाव घालताना, रेशन कार्डात नाव चढवताना, पुढे पासपोर्ट काढताना हाच दाखला पुढे केला जातो.